कागद कुणाच्या हातात दिला?



भाताची झोडणी उरकली, नागली-वरई घरात आली आणि पाड्यापाड्यावर घरांना कुलपं लागली. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या डोंगरातली माणसं पिकअपमध्ये बसून खाली निफाडच्या बाजूला उतरली. कुणी द्राक्षबागेत, कुणी लासलगावच्या आसपासच्या वावरांत कांदा लागणीला. रोपं उपटायची, वाफ्यात लावायची, उक्त्याचा हिशेब करायचा आणि रात्री मळ्यातल्या शेडात पाठ टेकायची. लागण उरकली की थोडे दिवस घरी, मग उन्हाळ कांदा काढायला परत तिकडेच. मधे होळीला तेवढे सगळे पाड्यावर.

याच महिन्यांत पाड्यावर कागदही येतात. दिवाणी कोर्टाचं समन्स, तहसीलदाराची नोटीस, तलाठ्याकडची फेरफाराची नोटीस, वनखात्याची अतिक्रमणाची नोटीस, वनहक्काचा दावा फेटाळल्याचं पत्र. कागद घेऊन आलेला माणूस कुलूप पाहतो आणि माघारी जातो. जाताना कागदाच्या पाठीवर दोन ओळी लिहितो. त्या दोन ओळींवर पुढे आपली दोन एकर जमीन टिकते किंवा जाते.

जमिनीसाठी अर्ज कसा करायचा, मोर्चा कसा काढायचा, हे आपण या पत्रिकेत पुष्कळदा बोललो. या अंकात आम्ही त्या दोन ओळींबद्दल लिहितो आहोत. कागद पोचवायचं काम कसं व्हायला पाहिजे, ते नीट झालं नाही तर काय करायचं, आणि त्यात आपला स्वतःचा वाटा कोणता, हे एकदा सविस्तर बोलायला हवं.

बजावणी म्हणजे काय?

ज्याचा कागद त्याला पोचला आणि पोचल्याचा पुरावा झाला, म्हणजे बजावणी झाली. कुणाच्या विरुद्ध काही ठरवायचं असेल तर आधी त्याला कळवायचं आणि त्याचं म्हणणं ऐकायचं, हा न्यायाचा पहिला नियम. हा नियम आपल्याला कुणी शहरातून आणून दिलेला नाही. पाड्यावर पंच बसतात तेव्हा ज्याच्यावर आरोप आहे त्याला निरोप गेला का, हे आधी विचारलं जातं. निरोप कुणी नेला, कुणाला सांगितला, हेही विचारतात. कोर्टाचं समन्स म्हणजे तोच निरोप, फक्त शिक्क्याचा.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिचा पाचवा आदेश सगळा समन्स बजावण्याबद्दलच आहे. त्यात पायऱ्या घालून दिल्या आहेत.

पहिली पायरी, शक्य असेल तिथे कागद त्याच माणसाच्या हातात द्यायचा. सोबत दाव्याची नक्कल द्यायची. नक्कल दिली नाही तर माणसाला तारीख तेवढी कळते, भांडण कशाचं ते कळत नाही.

दुसरी पायरी, तो घरी नसेल आणि लवकर सापडण्यासारखा नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाच्या हातात द्यायचा. पूर्वी यात फक्त पुरुष धरले जात. १९७६ च्या दुरुस्तीने बाई असो की बाप्या, दोन्ही चालतात. फौजदारी समन्सात मात्र बाईच्या हातात दिलेला कागद इतकी वर्षं धरला जात नव्हता. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हापासून तिथेही बाई चालते. म्हणजे पाड्यावर मागे राहिलेल्या म्हातारीच्या हातात कागद दिला आणि ती त्या घरात राहत असली, तर तो तिच्या लेकाला दिल्यासारखाच. शाळकरी पोराच्या हातात दिलेला कागद मात्र चालत नाही. गडी चालत नाही. शेजारी किंवा दुकानदार म्हणजे घरचा माणूस नव्हे.

तिसरी पायरी नियम १७ ची. बेलिफाने करता येण्याजोगी सगळी कसोशी केली, तरी माणूस सापडला नाही, वाजवी मुदतीत घरी सापडेल असंही दिसत नाही, आणि त्याच्या वतीने कागद घेणारं कुणी नाही, तर कागद दाराला किंवा घराच्या दर्शनी भागाला डकवायचा. डकवल्यावर लिहून द्यायचं की कोणत्या परिस्थितीत डकवला, घर कुणी दाखवलं, कुणाच्या समोर डकवला, आणि त्या माणसाचं नाव-गाव काय. हा अहवाल बेलिफाने शपथपत्रावर दिला नसेल तर कोर्टाने त्याला शपथेवर तपासलंच पाहिजे. शपथपत्र दिलं असेल तरी कोर्ट तपासू शकतं.

चौथी पायरी कोर्टाच्या हुकमाची. माणूस मुद्दाम तोंड चुकवतो आहे किंवा साध्या रीतीने बजावणी होऊच शकत नाही, अशी कोर्टाची खात्री झाली तर कोर्टाच्या इमारतीत आणि त्याच्या घरावर डकवणं, किंवा त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात छापणं.

या पायऱ्या क्रमाने चढायच्या आहेत. एका दुपारी येऊन, कुलूप पाहून, थेट तिसरीवर उडी मारायची नाही. "कसोशी" हा शब्द कायद्यात शोभेला घातलेला नाही.

कोर्टाने पाडा पाहिलेला नसतो

न्यायाधीश तालुक्याला बसतात. त्यांनी आपला पाडा पाहिलेला नसतो, घर पाहिलेलं नसतं, कुलूप का लागलं ते त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्यासमोर असतो तो बेलिफाचा शेरा. "इसम मिळून आला नाही, घरास कुलूप, सबब डकविले." एवढं वाचून कोर्ट धरून चालतं की प्रतिवादीला कळलं आहे आणि तो येत नाही. मग दावा एकतर्फी चालतो.

समन्स मिळाल्यापासून कैफियत द्यायला तीस दिवस असतात. कोर्ट कारणं लिहून ते नव्वदपर्यंत वाढवू शकतं. नोव्हेंबरात डकवलेल्या कागदाचे नव्वद दिवस आपण होळीला घरी येईपर्यंत कधीच उलटून गेलेले असतात. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, त्याची मुदत हुकूमनाम्यापासून तीस दिवस. पण समन्सची बजावणी रीतसर झालीच नसेल, तर हे तीस दिवस आपल्याला हुकूमनामा कळला त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे कोणतं घड्याळ लागू होणार हेही त्या शेऱ्यावरच ठरतं. शेरा खोटा असेल तर आपल्यासाठी घड्याळच खोटं लागतं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं आपल्या डोक्यावर येतं.

आता विचार करा. पाड्यावर येऊन कुलूप दिसलं तर कसोशी म्हणजे काय करायचं? शेजारी विचारायचं, पोलीस पाटलाला विचारायचं. पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल, "ते लासलगावला कांद्याला गेलेत." कोणत्या मुकादमाबरोबर गेले तेही सांगेल. परत कधी येणार? होळीला. एवढी माहिती दहा मिनिटांत मिळते. ती शेऱ्यात लिहायची. मग कोर्ट ठरवील. होळीनंतरची तारीख देता येते. दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत राहणाऱ्याला त्या कोर्टामार्फत समन्स बजावायची सोयही संहितेत आहे. लासलगाव निफाड तालुक्यात आहे आणि निफाडला कोर्ट आहे. मळ्यावरच्या शेडात महिना-दोन महिने राहणारा मजूर काही हवेत विरघळलेला नसतो.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. देशभर कांद्याचा भाव तिथल्या लिलावाकडे बघून बोलला जातो. तिथे ट्रॉलीचा काटा झाला की पावती शेतकऱ्याच्या हातात पडते. वजन किती, भाव किती, कुणी घेतला, सगळं लिहिलेलं. एक ट्रॉली कांद्याचा कागद माणसाच्या हातात देण्याइतकी शिस्त जिथे रोजची आहे, त्याच जिल्ह्यात पिढ्यांच्या जमिनीचा कागद कुलपाला चिकटवून सोडला जातो. तो वाऱ्याने उडतो, नाहीतर शेळी खाते.

बेलिफाबद्दल

बेलिफ आपला वैरी नाही. तो पगारावर काम करणारा माणूस आहे. एका दिवसात त्याच्याकडे चार गावांचे कागद असतात. पाडे विखुरलेले, एसटी दिवसातून एखादी, पावसात ओहोळ भरलेले. तो एकटा हिंडतो आणि जिथे जातो तिथे लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. आपल्यातलेच काही जण त्याला चुकीचं घर दाखवतात. नाव विचारलं तर म्हणतात, आम्हाला ठाऊक नाही.

तरीही आम्ही म्हणतो, ज्याला हे काम दिलं आहे त्याने ते कारागिराच्या इमानाने करावं. चांगला सुतार जोड बसला नाही तर तो बसला असं सांगत नाही. चांगला बेलिफ माणूस भेटला नाही तर भेटला असं लिहीत नाही. मजुरीची माणसं सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला भेटतात, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो त्या वेळी येतो. नुसतं नाव बघून कागद देत नाही. एका पाड्यावर एकाच नावाची आणि आडनावाची चार माणसं असतात, म्हणून बापाचं नाव विचारून घेतो. कागद कशाचा आहे आणि तारीख कधी आहे, हे आपल्या बोलीत सांगतो. कुणाची बाजू घेत नाही, कुणाच्या ओट्यावर बसून वादीचा चहा पीत कागद लिहीत नाही. आणि "बजावणी झाली नाही" असं लिहायची वेळ आली तर न घाबरता लिहितो. वरून निकालांची घाई असते, कागद परत गेला की बोलणी बसतात, हे आम्हाला माहीत आहे. पण "झाली नाही" असं खरं लिहिणारा बेलिफ कोर्टाची जेवढी सेवा करतो, तेवढी "झाली" असं खोटं लिहिणारा कधीच करत नाही.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये समन्स पोचवायचं काम खाजगी कंपन्या करतात. कर्जवसुलीच्या दाव्यांत समन्स न देताच दिलं अशी खोटी शपथपत्रं तिथे केली गेली. अशा कामाला तिथले लोक गटारातली बजावणी म्हणतात, कारण कागद गटारात फेकून दिलेला असतो. २००९ साली तिथल्या राज्याच्या महाधिवक्त्याने असे सुमारे एक लाख निकाल रद्द करावेत म्हणून दावा लावला. तिथेही फसलेली माणसं गरीबच होती. कागद दडवला की बळी कुणाचा जातो, हे सगळ्या जगात सारखंच आहे.

कागद न पोचता गेलेलं जंगल

आपलं जंगल सरकारजमा झालं ते बंदुकीने कमी आणि जाहीरनाम्याने जास्त. इंग्रजांच्या १८७८ च्या वनकायद्यात आणि नंतर १९२७ च्या कायद्यात राखीव जंगल करायची रीत लिहिली आहे. आधी अधिसूचना काढायची. मग वन जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा आणि हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे. जो त्या मुदतीत हक्क सांगणार नाही त्याचा हक्क संपला. उशिराचं सबळ कारण दाखवायची एक फट होती, तीही जंगल राखीव म्हणून जाहीर होईपर्यंतच.

कागदावर बघितलं तर रीत ठीक दिसते. पण ज्या गावात एकालाही अक्षर येत नव्हतं, तिथे चावडीवर लावलेला जाहीरनामा कुणी वाचायचा? डोंगराच्या पलीकडच्या पाड्याला तो कुणी सांगायचा? तीन महिने गेले आणि बापजाद्यांची दळी, चराई, मोहाची झाडं, देवराई सगळं एका रेघेने गेलं. पुढची शंभर वर्षं आपण आपल्याच रानात अतिक्रमणदार ठरलो. म्हणून बजावणीचा प्रश्न हा वकिलांचा बारीक मुद्दा आहे असं कुणी म्हटलं तर आम्हाला ते पटत नाही. आपल्या इतिहासातली सगळ्यात मोठी जमीनचोरी न पोचलेल्या कागदावर उभी आहे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला तो हाच ऐतिहासिक अन्याय दूर करायला. त्याच्या नियमांत ६ सप्टेंबर २०१२ ला दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की ग्रामसभेने दावा नाकारला किंवा बदलला, किंवा उपविभागीय समितीने तशी शिफारस केली, तर ते दावेदाराला व्यक्तिशः कळवायचं. कळवल्यापासून साठ दिवसांत तो दाद मागू शकतो, समिती आणखी तीस दिवस देऊ शकते. सुनावणीची तारीख किमान पंधरा दिवस आधी अर्जदाराला आणि ग्रामसभेला लेखी कळवायची, शिवाय गावात सोयीच्या जागी लावायची. नाकारायचं असेल तर कारणं सविस्तर लिहायची. आणि पडताळणीची सगळी प्रक्रिया पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून काढायचं नाही, हे खुद्द कायद्याच्या कलम ४(५) मध्ये आहे.

आता आठवा फेब्रुवारी २०१९. त्याच्या आदल्याच वर्षी मार्चमध्ये आपली माणसं नाशिकहून मुंबईला रक्ताळलेल्या पायांनी चालत गेली होती, वनहक्काचे दावे नीट निकाली काढा म्हणून. आणि १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढायला राज्यांना सांगितलं. देशभरात लाखो घरांवर कुऱ्हाड आली. पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, त्याच न्यायालयाने तो आदेश थांबवला. आणि राज्यांना विचारलं ते काय? दावे फेटाळताना रीत पाळली का, आदिवासींना पुरावा द्यायची संधी दिली का, कारणं देऊन आदेश केले का. या प्रश्नांची उत्तरं शेवटी एकाच ठिकाणी शोधावी लागतात. कागद दावेदाराला दिला का, कधी दिला आणि त्याची पोहोच कुठे आहे?

आमच्याकडे येणारी माणसं सांगतात, "आमाला पत्रच आलं नाय." ऑफिसात सांगतात, "यादी ग्रामपंचायतीला पाठवली होती." यादी ग्रामपंचायतीला पाठवणं म्हणजे व्यक्तिशः कळवणं नव्हे. ग्रामपंचायतीचं ऑफिस एका गावात आणि पाडा तीन कोसांवर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने देतात, तर नामंजुरीही दोघांना कळवली पाहिजे. १८ मे २०२० ला राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. चांगली गोष्ट. पण ती आली तेव्हा टाळेबंदी होती, कुणी कुणाच्या पाड्यावर जात नव्हतं. हक्क मिळाला आणि मिळाल्याचं कळलंच नाही, असंही होतं.

मोठ्याला एक माप, आपल्याला दुसरं?

मुंबईत विक्रोळीला गोदरेज कंपनीची मोठी जमीन आहे. १९५६ साली वनकायद्याच्या कलम ३५(३) खाली तिथल्या जमिनीबद्दल नोटीस काढून गॅझेटात छापली गेली. पुढे महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा १९७५ आला. अशी नोटीस "काढलेली" जमीन म्हणजे खाजगी वन, आणि खाजगी वन सरकारजमा, असा त्याचा अर्थ सरकार लावत होतं. कितीतरी वर्षांनी सरकारने त्या जुन्या नोटिशीच्या आधारावर जमिनीवर हक्क सांगितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जानेवारी २०१४ ला निकाल लागला की नुसती नोटीस काढून उपयोग नाही, ती मालकाला बजावली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. बजावणी नाही तर जमीन सरकारजमा नाही. आधीचा उलटा निकालही न्यायालयाने चुकीचा ठरवला.

हा निकाल आम्हाला मान्य आहे. कंपनी मोठी आहे म्हणून तिला नोटीस न देता जमीन घ्यावी, असं आम्ही कधीच म्हणणार नाही. आम्ही म्हणतो ते इतकंच की हेच माप आमच्या पाड्याला लावा. ज्या देशात गॅझेटात छापलेला कागद विक्रोळीच्या कंपनीला कळल्याचा पुरावा होत नाही, त्या देशात ग्रामपंचायतीच्या कपाटात पडलेली यादी सुरगाण्याच्या डोंगरातल्या बाईला कळल्याचा पुरावा कशी होते? प्रत्येक वनहक्क समितीने हा निकाल लक्षात ठेवावा. "नोटीस काढली" असं कुणी म्हटलं की आपण शांतपणे विचारायचं, "काढली ते ठीक. बजावली का? कुणाच्या हातात दिली? पोहोच दाखवा."

आपला वाटा

आता आपल्याबद्दल. सगळा दोष दुसऱ्यावर टाकून आपली जमीन वाचणार नाही.

पहिली गोष्ट, कागद नाकारू नका. पुष्कळांना वाटतं की कागद घेतला, सही-अंगठा केला, म्हणजे आपण कबूल झालो. तसं नाही. घेतल्याची सही म्हणजे फक्त घेतल्याची सही. उलट घ्यायला नकार दिला की बेलिफ दाराला डकवतो आणि बजावणी झाली असं धरलं जातं. पोस्टाचं पाकीटही "घेण्यास नकार" म्हणून परत गेलं की पोचलं असंच सहसा धरतात. बेलिफ दिसला की मागच्या दाराने रानात पळणारा माणूस स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत असतो. तोंड चुकवतो हे ठरलं की कोर्टाला चौथी पायरी मोकळी होते.

दुसरी गोष्ट, घेताना डोळे उघडे ठेवा. सही किंवा अंगठ्याशेजारी त्या दिवसाची तारीख आणि वेळ लिहून घ्या. सोबत किती कागद आहेत ते मोजा. दाव्याची नक्कल नसेल तर "नक्कल मिळाली नाही" असं तिथेच लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा कधीही नको. पाकीट फेकू नका, त्याच्यावरचा पोस्टाचा शिक्का हाही पुरावा आहे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक पाड्याच्या ग्रामसभेने एक कागदवही ठेवावी. शंभर पानी साधी वही. कोण आलं, कोणत्या तारखेला, कुणाचा कागद, कुणाच्या हातात दिला, डकवला असेल तर कुठे आणि कुणाच्या समोर. बेलिफ आला तर त्यालाही आदराने सही करायला सांगा, त्याने नाही केली तर तसं लिहा. उद्या शेरा खोटा आहे असं म्हणायची वेळ आली तर या वहीचं पान तोंडी शपथेपेक्षा जास्त बोलेल. वही सांभाळायला शिकलेली एक मुलगी आणि मजुरीला न जाणारा एक म्हातारा, अशी जोडी करा. म्हाताऱ्याला सगळी घरं माहीत असतात, मुलीला अक्षरं.

चौथी गोष्ट, मजुरीला जाताना पत्ता ठेवून जा. कोणतं गाव, कुणाचा मळा, मुकादमाचा फोन. कागद आला की मागे राहिलेल्यांनी त्याच दिवशी निरोप द्यायचा. फोनवर कागदाचा फोटो मिळाला तरी तालुक्याच्या कार्यकर्त्याला दाखवता येतो. लासलगावच्या वावरात वाकलेल्या माणसाला दोन दिवसांची मजुरी बुडवून तारखेला येणं परवडत नाही, हे आम्हाला कळतं. पण न गेल्याने जाते ती मजुरी नसते, जमीन असते.

पाचवी गोष्ट, वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्जही तिथूनच करता येतो. एकतर्फी झालं असं कळलं की त्याच आठवड्यात जा. कळूनही गप्प बसलेल्या माणसाची बाजू लंगडी पडते. तारीख आधीच माहीत होती आणि यायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर बजावणीतल्या किरकोळ चुकीवरून कोर्ट हुकूमनामा रद्द करत नाही.

सहावी गोष्ट जरा टोचेल. आपणही कागद बजावतो. वनहक्क समितीने जागेची पाहणी करायच्या आधी दावेदाराला आणि वनखात्याला रीतसर कळवायचं असतं. कितीदा आपण नुसता फोन करतो, नाहीतर नाक्यावर भेटलेल्या गार्डला तोंडी सांगतो? मग वर्षाने खातं म्हणतं, आम्हाला बोलावलंच नव्हतं. नियम काय सांगतो पाहा. अधिकारी गैरहजर होते म्हणून नंतर हरकत आली तर दावा ग्रामसभेकडे पुन्हा पडताळणीला येतो. दुसऱ्या वेळीही ते आले नाहीत तर पडताळणीबद्दल ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे केवढं मोठं हत्यार आहे! पण ते चालतं आवक-शिक्का मारलेल्या प्रतीवर. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्यायची. शेजारच्या गावाशी सीमेचा वाद असेल तर त्यांच्या समितीलाही तसंच लेखी कळवायचं आणि एकत्र बसायचं. आपल्याच पाड्यावरच्या विधवेला न कळवता तिच्या बांधाची मोजणी उरकली, तर आपल्यात आणि त्या खोट्या शेऱ्यात फरक काय राहिला?

आमच्या मागण्या

मजुरीच्या हंगामात पाड्यावर बजावणीला येणाऱ्याने किमान दोन वेगवेगळ्या वेळी यावं, आणि माणूस कुठे गेला याची शेजारी व पोलीस पाटलाकडे चौकशी करून ती शेऱ्यात लिहावी. दावा नामंजूर झाल्याचं प्रत्येक पत्र दावेदाराला, आणि जोडप्याच्या बाबतीत दोघांना, मराठीत कारणांसह हातात द्यावं. देताना अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं हे त्याच पत्रावर छापावं. पोहोच नसेल तर मुदत सुरू झाली असं धरू नये. हंगामात बाहेर असलेल्यांसाठी सुनावण्या होळीच्या आसपास आणि पावसाळ्यात पाड्यावर माणसं असतात तेव्हा लावाव्यात. आणि बेलिफ, कोतवाल यांना डोंगरी भागात फिरायला पुरेसा भत्ता आणि वेळ द्यावा. ज्याला दोन दिवसांत वीस पाडे करायला सांगितलं जातं, त्याच्याकडून कसोशीची अपेक्षा करणं हीही फसवणूकच आहे.

या मागण्यांचं निवेदन लवकरच तालुक्या-तालुक्याला दिलं जाईल. निवेदनाच्या दोन प्रती असतील, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय कुणी ऑफिसातून बाहेर पडायचं नाही.

तोवर हा अंक ज्याच्या हातात पडेल त्याने तो लासलगाव, पिंपळगाव, ओझरच्या मळ्यांवर असलेल्या आपल्या माणसांना वाचून दाखवावा. रात्री शेडात, जेवणं झाल्यावर. आणि पाड्यावर निरोप धाडावा की वही आजच आणा.

जल, जंगल, जमीन आपली. तिचा प्रत्येक कागद आपल्या हातात पडला पाहिजे.

जिंदाबाद!